घडीच्या चाकूची न वापरलेली अंगे

घरातील लहान हत्यारांविषयी या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे खिशात मावणाऱ्या घडीच्या चाकूविषयी आहेत. त्यांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : निवृत्तीच्या वेळी सहकाऱ्यांनी मला लाल मुठीचा, अनेक हत्यारे असलेला स्विस चाकू भेट दिला. त्याने मी फक्त सफरचंद आणि पेरू कापतो. बाकीच्या हत्यारांचा घरात खरोखर काही उपयोग आहे, की ती केवळ शोभेची आहेत? (एक निवृत्त बँक कर्मचारी, पुणे)

उत्तर : ती शोभेची मुळीच नाहीत. किंबहुना या चाकूचा जन्मच पात्यापेक्षा इतर हत्यारांच्या गरजेतून झाला. स्विस सैन्याने 1889 मध्ये नवी रायफल स्वीकारली. ती उघडून साफ करण्यासाठी शिपायाजवळ स्क्रू-ड्रायव्हर असणे आवश्यक होते आणि शिधा डबाबंद असल्यामुळे डबा उघडण्याचे साधनही हवे होते. म्हणून पाते, आरी, डबा उघडण्याचे हत्यार आणि स्क्रू-ड्रायव्हर अशी चार हत्यारे एका लाकडी मुठीत बसवण्यात आली. 1891 मध्ये सैन्याला मिळालेले पहिले चाकू जर्मनीतील झोलिंगेन येथे तयार झाले होते, कारण एवढी मागणी पुरवील असा कारखाना तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये नव्हता. श्वीत्स परगण्यातील इबाख गावचे कार्ल एल्झेनर यांनी त्याच वर्षी हे काम मायदेशी आणले आणि 1897 मध्ये दुसरे लहान पाते व बूच काढण्याचे मळसूत्र असलेला, अधिकाऱ्यांसाठीचा हलका चाकू काढला. आपल्याला भेट मिळालेला चाकू बहुधा याच घराण्यातला असावा.

या सर्व अंगांचे पोलाद सारखे नसते, ही गोष्ट फार थोड्या लोकांच्या लक्षात येते. पोलादाचा कठीणपणा रॉकवेल मापात मोजतात. त्या मापावर या चाकूचे पाते सुमारे 56, कात्री आणि करवत 53, आरी, ओपनर व स्क्रू-ड्रायव्हर 52 आणि आतल्या स्प्रिंगा 49 इतक्या ठेवलेल्या असतात. पाते अधिक कठीण, कारण त्याची धार टिकली पाहिजे. परंतु कठीण पोलादाला पीळ सोसत नाही. ओपनर थोडा मऊ आणि बराच जाड असतो, कारण त्याला उचकटण्याचा ताण घ्यायचा असतो. गुळाच्या ढेपेत पाते खुपसून पिळले, रंगाच्या डब्याचे झाकण पात्याच्या टोकाने उचकटले किंवा स्क्रू पात्याने फिरवला, म्हणजे टोक तुटते. घरोघरी दिसणारे टोक मोडलेले चाकू असेच मोडलेले असतात. पाते दीर्घकाळ चांगले राहावे असे वाटत असेल, तर पात्याखेरीज इतर अंगांना कामाला लावणे हाच त्याचा उपाय आहे, आणि माझ्या मते चाकूचे सर्वांत नवलाचे उपयोगही तेथेच आहेत.

जॅमच्या नव्या बरणीचे न फिरणारे झाकण घ्या. जॅम गरम असताना भरून झाकण लावलेले असते. निवताना आतली वाफ आटते, आतला दाब उतरतो आणि बाहेरची हवा झाकणाला दाबून धरते. झाकण हाताच्या जोराने फिरत नाही ते यामुळे. अशा वेळी ओपनरचे बोथट टोक पत्र्याच्या कडेखाली घालून अगदी किंचित उचलावे. टक् असा आवाज होऊन हवा आत शिरते आणि तेच झाकण दोन बोटांनी फिरते. बरणीच्या काचेवर मात्र जोर येऊ देऊ नये.

नारळाचे पाणी न सांडता काढायचे असेल, तर आरी वापरावी. नारळाला तीन डोळे असतात, परंतु कोंब एकाच डोळ्यातून बाहेर येतो आणि म्हणून त्या डोळ्यावरचे कवच मऊ असते. आरीच्या टोकाने तिन्ही डोळे चाचपले की तो लगेच कळतो. तेथे आरी दाबून गोल फिरवावी, भोक मोठे करावे आणि त्यात नळी घालावी; भोक लहान राहिले तर आत हवा जायला वाट मिळत नाही आणि पाणी थेंबथेंबच येते. नायलॉनच्या दोरीची ओल्याने घट्ट बसलेली निरगाठ सोडवण्यासाठी आरीपेक्षा बूच काढण्याचे मळसूत्र अधिक चांगले, कारण त्याचे वळलेले टोक गाठीच्या पदरांमध्ये शिरते आणि दोरा न तोडता तो सैल करते. काही चाकूंमध्ये याच मळसूत्राच्या वेढ्यांत एक इवलासा स्क्रू-ड्रायव्हर बसवलेला असतो. चष्म्याच्या काडीचा सैल झालेला स्क्रू त्यानेच आवळता येतो. आपल्या चाकूत तो आहे का, हे एकदा पाहून घ्यावे.

पात्याची पाठ, म्हणजे धारेच्या विरुद्ध बाजूची बोथट कड, हेही एक स्वतंत्र हत्यार समजावे. गणपतीच्या मखरासाठी जाड पुठ्ठा दुमडताना घडी वेडीवाकडी पडते आणि वरचा कागद फाटतो. पट्टी धरून पात्याच्या पाठीने पुठ्ठ्यावर एक दाबाची रेघ ओढली, तर कागद न कापता आतला थर दबतो आणि पुठ्ठा त्या रेघेवर सुतात दुमडतो. रेघ ओढताना धार वरच्या बाजूला राहते, म्हणून पाते अर्धे मिटलेले नाही याची खात्री करावी आणि दुसरा हात पात्याच्या वरून नेऊ नये. आले सोलण्यासाठी, बाटलीवरचे भिजवलेले लेबल खरवडण्यासाठी आणि टेबलावर सांडलेले मेण काढण्यासाठीही मी नेहमी पाठच वापरतो.

प्रश्न : मुलाच्या दप्तराचा पट्टा शिवणीतून सुटला आहे. जवळपास चांभार राहिलेला नाही आणि शिलाई मशीनची सुई एवढ्या जाड कापडातून जात नाही. चाकूच्या आरीला एक छिद्र आहे. त्याने शिवता येते असे ऐकले; ते कसे? (एक गृहिणी, कोल्हापूर)

उत्तर : आपल्या चाकूच्या आरीला छिद्र आहे हे उत्तम झाले, कारण सर्वच नमुन्यांत ते नसते. या छिद्राचा उपयोग सुईसारखा होत असला, तरी शिवण्याची रीत सुईची नाही. येथे आरी कापडातून आरपार जात नाही, ती प्रत्येक टाक्याला आत जाते आणि त्याच वाटेने परत येते. शिवण जेवढी लांब, त्याच्या चौपट लांबीचा मेण लावलेला जाड दोरा घ्यावा. तो न मिळाल्यास दात साफ करण्याचा फ्लॉस नावाचा दोरा चालतो आणि चांगला टिकतो.

दोरा आरीच्या छिद्रात ओवावा आणि पट्टा व दप्तराचे कापड एकत्र धरून पहिले भोक पाडावे. छिद्र पलीकडे दिसू लागले, की दोऱ्याचे टोक पलीकडून धरून निम्मा दोरा त्या बाजूला ओढून घ्यावा आणि आरी परत काढावी. आता निम्मा दोरा वर आहे आणि निम्मा खाली. पुढच्या भोकासाठी आरी पुन्हा पलीकडे घालावी व थोडीशी मागे घ्यावी. तसे केले की छिद्राजवळ दोऱ्याचा एक लहान फास उभा राहतो. खालच्या दोऱ्याचे टोक या फासातून ओवावे, आरी बाहेर काढावी आणि दोन्ही दोरे सारख्याच जोराने ओढावेत, म्हणजे दोऱ्यांची गुंफण कापडाच्या दोन थरांच्या मध्ये जाऊन बसते. शिलाई मशीनचा टाका याच तत्त्वावर पडतो. फास उभा राहण्यासाठी आरी किती मागे घ्यावी, एवढाच भाग हाताला सवयीने कळतो, म्हणून आधी जुन्या जीन्सच्या दुमडलेल्या तुकड्यावर दोन-चार टाके घालून पाहावेत.

एक सूचना मात्र कटाक्षाने पाळावी. बहुतेक चाकूंतील आरी उघडल्यावर कुलूपबंद होत नाही, त्यामुळे वाकडा जोर लागला तर ती बोटांवर मिटते. कापड मांडीवर ठेवून टोचू नये. खाली लाकडाची फळी घ्यावी, आणि टोचण्याऐवजी फिरवत फिरवत भोक पाडावे. कमरेच्या पट्ट्याला जास्तीचे भोक पाडायचे असेल तरी हीच पद्धत. आरीची एक कड धारदार असते आणि फिरवल्यावर ती चामडे गोल कापत जाते.

प्रश्न : गच्चीत कुंडीतले डाळिंब आहे. त्याच्या फांदीपासून नवे रोप करण्यासाठी खास चाकू घ्यावा लागेल का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : गुटी कलमासाठी घडीचा साधा चाकू पुरेसा आहे, आणि डाळिंबाची रोपे आपल्याकडे मुख्यतः गुटी कलमानेच करतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला पेन्सिलीएवढी जाड, निरोगी, सरळ फांदी निवडावी. पाते स्पिरिटने पुसून फांदीभोवती दोन गोल छेद घ्यावेत आणि त्यांत सुमारे अडीच सेंटीमीटर अंतर ठेवावे. दोन्ही छेद एका उभ्या चिरेने जोडून मधली साल बांगडीसारखी काढून टाकावी. साल निघाल्यावर लाकडावर एक बुळबुळीत, हिरवट थर दिसतो. तो पात्याच्या पाठीने खरवडून लाकूड पूर्ण कोरडे आणि पांढरे दिसू द्यावे. गुटी फसण्याचे सर्वांत नेहमीचे कारण हा राहून गेलेला थरच असते. त्याच्यापासून नवी साल तयार होऊन वरची आणि खालची साल पुन्हा जोडली जाते आणि मुळे फुटतच नाहीत.

यामागची गोष्ट मला फार सुंदर वाटते. पानांनी तयार केलेले अन्न सालीतून खाली उतरते आणि मुळांनी घेतलेले पाणी लाकडातून वर चढते. आपण फक्त सालीचा रस्ता तोडला, तर फांदीला पाणी मिळत राहते, ती सुकत नाही. परंतु वरून येणारे अन्न आणि मुळे फुटण्यास मदत करणारी द्रव्ये वरच्या छेदापाशी साचतात आणि तेथूनच मुळे बाहेर पडतात. म्हणून वरच्या छेदाची कड स्वच्छ असावी, ती चेंगरलेली नसावी, आणि त्यासाठी पात्याला धार हवी. छेदाभोवती भिजवून पिळलेले शेवाळ बांधावे, त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक गुंडाळून दोन्ही टोके सुतळीने घट्ट आवळावीत. साधारण दीड-दोन महिन्यांत प्लॅस्टिकमधून मुळे दिसू लागतात. ती पांढऱ्याची तपकिरी होऊ लागली, की फांदी गुटीच्या खाली कापून कुंडीत लावावी. लिंबू आणि पेरू यांनाही ही रीत लागू पडते.

आंब्याचे कोय कलम करायचे असेल, तर मात्र खास चाकू घ्यावा. त्यात दोन तिरपे काप एकमेकांना फट न राहता चिकटले पाहिजेत. कलमाच्या चाकूला एकाच बाजूने धार असते, म्हणून काप सपाट येतो. आपल्या नेहमीच्या चाकूला दोन्ही बाजूंनी धार असल्यामुळे काप किंचित खोलगट होतो आणि जोड नीट बसत नाही.

प्रश्न : आम्ही सह्याद्रीत भटकंती करतो. साप चावल्यास जखमेवर चीर देण्यासाठी चाकू जवळ असावा, असे आमच्या गटातील ज्येष्ठ सांगतात. चीर किती खोल द्यावी? (एक गिरिप्रेमी, सातारा)

उत्तर : चीर मुळीच देऊ नये. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांमुळे आपल्याकडे सर्वाधिक मृत्यू होतात. चिरेवाटे विष बाहेर येत नाही. त्याउलट घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची शक्तीच जाते आणि आपण दिलेल्या चिरेतून रक्तस्राव थांबवता येत नाही. जखम चोखू नये आणि दोरीने आवळून बांधूही नये. अंगठी, घड्याळ, कडे लगेच काढावे, कारण सूज चढल्यावर ते निघत नाही. चावलेला हात किंवा पाय हलणार नाही अशा रीतीने आधार देऊन बांधावा, रुग्णाला चालायला लावू नये, 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात पोहोचवावे. चाकूचा उपयोग येथे आहे तो एवढाच : आधारासाठी काठ्या सारख्या लांबीच्या कापणे, आणि बांधण्यासाठी ओढणीच्या किंवा चादरीच्या पट्ट्या काढणे. आपल्या गटातील ज्येष्ठांना हे उत्तर आपण अवश्य वाचून दाखवावे.

प्रश्न : संक्रांतीनंतर आमच्या झाडांवर मांजात अडकलेले पक्षी सापडतात. मांजा चाकूने कापावा का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : चाकूने नव्हे, चाकूतील कात्रीने कापावा, पाते ओढताना दोऱ्याला हिसका बसतो आणि तो पंखात आणखी रुततो. पक्ष्याला आधी सुती कापडात सैलसर गुंडाळून डोळे झाकावेत, म्हणजे तो धडपड थांबवतो. शरीराबाहेरचा दोरा दोन्ही बाजूंनी कापावा, रुतलेला दोरा मात्र ओढू नये. ते काम पशुवैद्यकाचे आहे. राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉन मांजावर 2017 मध्येच बंदी घातलेली आहे, त्यामुळे तो विकताना कोणी दिसल्यास पोलिसांत तक्रार करता येते.

प्रश्न : वडिलांचा लाकडी मुठीचा जुना चाकू कैरी कापल्यावर काळा पडला आणि त्याची धारही गेली आहे. रस्त्यावरच्या धारवाल्याकडे द्यावा का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : पाते काळे पडले याचा अर्थ ते साध्या कार्बन पोलादाचे आहे. कैरी, लिंबू, चिंच यांच्या आंबटपणाने त्यावर करडा-काळा थर चढतो. तो थर हानिकारक नाही आणि तांबड्या गंजापासून पात्याचे काही प्रमाणात रक्षणही करतो, म्हणून तो घासून काढू नये. वापरल्यावर लगेच धुऊन कोरडे करणे एवढे पुरे. सांध्यात खोबरेल किंवा गोडेतेल घालू नये, ते काही दिवसांनी चिकट होते; औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या पातळ लिक्विड पॅराफिनचा एक थेंब घालावा.

धारेसाठी पाण्याचा दगड घ्यावा. फिरत्या कोरड्या चाकावर पातळ पाते क्षणात तापते. कडेला निळसर डाग दिसला, तर तेथील पोलादाचे पाणी उतरले असे समजावे, आणि तेवढ्या भागाची धार पुन्हा टिकत नाही. काही धारवाले फार कुशल असतात. चाकू द्यायचाच असेल, तर पाते वारंवार पाण्यात बुडवून काम करण्याची विनंती करावी. घरी धार लावताना कोन सांभाळणे हेच मुख्य काम आहे. पाते दगडावर काटकोनात उभे धरावे, तो कोन निम्मा करावा, पुन्हा निम्मा करावा आणि त्याहून थोडे खाली आणावे. हा झाला साधारण 20 अंशांचा कोन. धारेच्या कडेवर काळ्या मार्करने रेघ ओढून दोन-तीन हात मारावेत आणि पाहावे. शाई अगदी टोकाची पुसली गेली असेल तर कोन बरोबर आहे. वरच्या बाजूची पुसली गेली आणि टोकाची राहिली, तर पाते फारच आडवे धरले आहे. एका बाजूला घासता घासता दुसऱ्या बाजूला बोटाला खरखरीत, उलटलेली कड जाणवू लागली, की बाजू बदलावी. शेवटी अगदी हलक्या हाताने आलटून पालटून घासून ती कड काढून टाकावी.

दगड हाताशी नसेल, तर चिनी मातीचा कप उपडा करावा. त्याच्या तळाशी चकाकी नसलेले एक खरखरीत कडे असते. ते पोलादापेक्षा कठीण असते, आणि वरील कोनात पाते त्यावरून हलकेच ओढले, तर बोथटलेली धार टोमॅटोची साल कापण्याइतकी परत येते. कपावर उरलेली करडी रेघ म्हणजे निघालेले पोलाद आहे. ती भांडी घासण्याच्या पावडरीने जाते.

प्रश्न : मुलीकडे लंडनला जात आहे. चाकू बरोबर नेता येईल का? आणि येथे खिशात बाळगणे कायदेशीर आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आपल्या शस्त्र नियमांत परवाना लागणाऱ्या चाकूचे वर्णन 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पाते असे आहे, आणि घरगुती, शेतीच्या वा उद्योगाच्या कामासाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळलेली आहेत; खिशातला चाकू त्या मर्यादेच्या बराच आत असतो. तथापि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली जमावबंदीसारखा आदेश जारी असेल, तेव्हा चाकू बाळगण्यासही मनाई करता येते, म्हणून मिरवणुका, सभा आणि निवडणुकीच्या दिवसांत तो घरीच ठेवावा. विमानात तो केबिनमध्ये चालत नाही. मोठ्या, तपासणीला देण्याच्या बॅगेत ठेवावा. ब्रिटनमध्ये 3 इंचांपर्यंत धारेचा, घडी होणारा आणि उघडल्यावर कुलूपबंद न होणारा चाकू विनाकारणही जवळ बाळगता येतो. मुठीजवळ फिरते कडे असलेला किंवा खटका लागून पक्का होणारा चाकू या सवलतीत बसत नाही. तो बाहेर नेण्यासाठी तेथे सबळ कारण दाखवावे लागते, म्हणून असा चाकू मुलीच्या स्वयंपाकघरातच वापरावा.